‘४:४४’ : एका मुरलेल्या रॅपरचा अल्बम आणि लष्करातल्या तीन बैठका

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्याच्या माडीवर दर महिन्याला एकदा श्रवणाची बैठक भरते. आठ-दहा माणसे जमतात, सगळी मराठी घरांतली आणि बहुतेक निवृत्त. सतरंजी अंथरली जाते, चहा होतो आणि मग ध्वनिमुद्रण संपेपर्यंत कोणी मधे बोलायचे नाही, बोलायचे ते नंतर, एवढाच नियम. ऐंशी ओलांडलेले नाना एका लांबट नोंदवहीत गायक, राग, ताल आणि शेरा असे चार रकाने आखून प्रत्येक बैठकीची नोंद ठेवतात. ख्याल, टप्पा, क्वचित नाट्यपद, यांच्यापलीकडे त्या वहीत आजवर काही गेले नव्हते. गेल्या पावसाळ्यात पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा घरून काम करायचे म्हणून तीन महिने इथे येऊन राहिला. त्याने मला सरळ विचारले, “मामा, म्हातारा गवई तुम्हाला चालतो, मग म्हातारा रॅपर का चालू नये?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून लागोपाठ तीन बैठका एकाच अल्बमला द्यायचे ठरले.

तो अल्बम म्हणजे जे-झी या अमेरिकन रॅपरचा ‘४:४४’. पुढील टिपण त्या अल्बमचा प्रकरण अभ्यास आहे. आमच्या बैठकीचा उल्लेख त्यात वारंवार येतो, कारण थकत चाललेल्या गळ्याचे गाणे कसे ऐकायचे हे ग्वाल्हेरने आम्हाला लहानपणापासून शिकवले आहे, आणि या अल्बमचे मर्म मला त्याच कानाने कळले. मी तीस वर्षे तबला शिकवतो. इंग्रजी मला बेताचेच येते. शब्दांचा अर्थ लावण्याचे काम शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या माझ्या मोठ्या वहिनींनी केले.

प्रकरण काय आहे

शॉन कार्टर हे जे-झीचे खरे नाव. जन्म ४ डिसेंबर १९६९, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात. मार्सी हाउसेस या सरकारी वसाहतीत तो वाढला, अकरा वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले आणि चार मुलांना आईने एकटीने वाढवले. कोणतीही कंपनी करार करीना, तेव्हा दोन साथीदारांबरोबर त्याने स्वतःचीच कंपनी काढली आणि १९९६ मध्ये पहिला अल्बम आणला. त्यानंतर २००३ पर्यंत जवळजवळ दरवर्षी एक अल्बम, मग थाटामाटात जाहीर केलेली निवृत्ती, २००६ मध्ये पुनरागमन, मग उद्योगधंदा, प्रचंड संपत्ती आणि बियॉन्सेसारख्या त्याच्याइतक्याच ख्यातनाम गायिकेशी लग्न, असा तो प्रवास आहे. १५ जून २०१७ रोजी अमेरिकेच्या गीतकारांच्या सन्मान-दालनात त्याचा समावेश झाला आणि हा मान मिळवणारा तो पहिला रॅपर ठरला. पुढे पंधरा दिवसांनी, ३० जून २०१७ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याचा तेरावा स्टुडिओ अल्बम प्रसिद्ध झाला. दहा गाणी, अवघी छत्तीस मिनिटे, आणि सर्व गाण्यांना नो आय. डी. हा एकच प्रोड्युसर, म्हणजे संगीताची बांधणी करणारा.

सत्तेचाळीस हे वय आमच्याकडे काहीच नाही. या वयाला ख्यालगायक नुकता कुठे ऐकण्याजोगा होऊ लागला, असे मानण्याची आमची रीत. ग्वाल्हेर घराण्याचे गवई कृष्णराव शंकर पंडित यांचा जन्म १८९३ चा आणि मृत्यू १९८९ चा. ते पार उतारवयापर्यंत गात राहिले आणि याच गावात त्यांचे म्हातारपणचे गाणे ऐकायला माणसे आवर्जून जात. नानांनी ते समोर बसून ऐकले आहे. दम कमी पडला की बुवा तान आखूड करीत, पण समेवर येण्याची जागा अशी शोधीत की ती आखूड तानच मूळची वाटे, हे त्यांचे वर्णन मी शंभरदा ऐकले असेन.

हिप हॉप, म्हणजे रॅप ज्या कलेचे अंग आहे ती कला. तिचे वय मात्र वेगळ्या मापाने मोजावे लागते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीतल्या एका घरगुती मेजवानीपासून या कलेचा आरंभ मानतात. तिथे तबकड्या वाजवणारा कूल हर्क तेव्हा अठरा वर्षांचा होता. मुले मुलांसाठी करीत होती अशी ही कला. तिच्या दोन सर्वांत मोठ्या नावांपैकी टुपाक शकूर १९९६ मध्ये पंचविसाव्या वर्षी आणि ब्रुकलिनचाच नोटोरियस बी. आय. जी. १९९७ मध्ये चोविसाव्या वर्षी गोळीबारात मारला गेला. म्हणजे ज्यांच्याकडे पाहून पुढच्यांनी म्हातारे व्हायला शिकावे, ते तिशीलाही पोचले नाहीत. पन्नाशीकडे झुकलेल्या रॅपरने काय गावे याचा वस्तुपाठ जे-झीपुढे फारसा नव्हता. घराणे पाठीशी नसलेल्या गवयासारखी ही अवस्था होती.

त्यातच आधीचा अनुभव उत्साहवर्धक नव्हता. २०१३ च्या त्याच्या अल्बमच्या दहा लाख प्रती सॅमसंगने आधीच विकत घेऊन आपल्या फोनधारकांना फुकट वाटल्या. सोळा गाण्यांच्या त्या अल्बमची चर्चा गाण्यांपेक्षा सौद्याचीच जास्त झाली. भाच्याने त्यातली दोन गाणी तुलनेसाठी ऐकवली. त्यांत तयारी आहे, आवाजाची ऐट आहे, श्रीमंतीचे वर्णन आहे. पण सांगण्यासारखे काही उरलेले नसताना केवळ सवयीने गाणारा माणूस मला त्यात ऐकू आला. मोठमोठ्या गवयांच्या काही ध्वनिमुद्रणांतही तो ऐकू येतो, त्यामुळे हा दोष एकट्या रॅपरचा आहे असे मी म्हणणार नाही.

अल्बम कसा बांधला

पहिल्या बैठकीत सगळा अल्बम एका दमात ऐकला. नानांचा पहिला आक्षेप अपेक्षितच होता. हे बोलणे आहे, गाणे कुठे आहे? त्यांना उत्तर भाच्याने दिले नाही, अल्बमनेच दिले, कारण यात गाणे भरपूर आहे. फक्त ते दुसऱ्यांचे आहे आणि जुने आहे.

सॅम्पल म्हणजे आधीच्या ध्वनिमुद्रणातला तुकडा कापून, फिरवून, पुन्हापुन्हा वाजवून त्यावर नवे गाणे उभारणे. हे हिप हॉपचे मूळ तंत्र आहे आणि या अल्बमची इमारत जवळजवळ सगळी त्याच्यावर उभी आहे. अमेरिकन गायिका नीना सिमोनचे दोन गाण्यांतले स्वर, स्टीव्ही वंडरचे १९७६ मधले एक गीत, डॉनी हॅथवेचे १९७३ मधले, जमैकाच्या सिस्टर नॅन्सीचे १९८२ मधले, क्लार्क सिस्टर्सचे भक्तिगीत असे तुकडे एकामागून एक येतात. वहिनींना त्यांतली दोन-तीन ओळखू आली आणि त्या पहिल्यांदा सावरून बसल्या. ही जे-झीच्या लहानपणी घरात असणाऱ्या तबकड्यांच्या पिढीची गाणी आहेत. तरुण श्रोत्याला धरून ठेवण्यासाठी त्या वर्षीचा चालू ठेका घ्यावा, हा सोपा मार्ग सोडून गायकाला त्याच्या स्वतःच्या पूर्वजांमध्ये नेऊन बसवणे, ही नो आय. डी. ची पहिली मोठी कामगिरी आहे. शिकागोचा हा प्रोड्युसर वयाने जे-झीच्या बरोबरीचाच. समवयस्क साथीदार असला की गायकाची लपवाछपवी चालत नाही, हे कोणताही साथीला बसणारा सांगेल.

जे-झी आपले शब्द कागदावर लिहीत नाही, डोक्यातच रचतो आणि थेट ध्वनिमुद्रणाला उभा राहतो, हे पुष्कळांना ठाऊक आहे. नानांना ही गोष्ट कळली तेव्हा त्यांचा चेहरा पालटला. ज्यांच्या शेकडो बंदिशी कागदाशिवाय तोंडपाठ होत्या अशा माणसांमध्ये ते वाढले आहेत.

सॅम्पलला चोरी म्हणायचे का, यावर त्या दिवशी बराच वेळ बोलणे झाले. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांनी ग्वाल्हेर दरबारात पडद्याआड बसून बडे महंमद खाँ यांच्या ताना ऐकून उचलल्या, ही आख्यायिका आमच्या घराण्याच्या जन्मकथेतच आहे. तेव्हा दुसऱ्याचे ऐकून आपले करण्याबद्दल आम्ही फार ताठ बोलू नये. अमेरिकेत मात्र हा प्रश्न न्यायालयाने सोडवला. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने एका रॅपरविरुद्ध निकाल देताना परवानगीविना घेतलेले सॅम्पल ही सरळ चोरी ठरवली, आणि तेव्हापासून प्रत्येक तुकड्यासाठी मूळ हक्कदाराची परवानगी घेऊन मोबदला देणे भाग पडू लागले. त्यामुळे नीना सिमोनपासून स्टीव्ही वंडरपर्यंतचे स्वर एकाच अल्बममध्ये आणणे आता पैसा आणि वजन असलेल्यालाच परवडते. जे तंत्र गरीब मुलांनी हाताशी वाद्ये नाहीत म्हणून शोधले, ते आज श्रीमंताचे झाले. ही विसंगती या अल्बममध्ये कुठेही बोलली जात नाही, पण ती आहे, आणि अल्बमचे मोल ठरवताना ती विसरू नये असे माझे मत आहे.

दुसरी बैठक : शीर्षकगीत

दुसरी बैठक आम्ही एकाच गाण्याला दिली. अल्बमचे नाव ज्यावरून आले ते ‘४:४४’ हे गीत म्हणजे पत्नीशी केलेल्या प्रतारणेची उघड कबुली आणि क्षमायाचना आहे. पहाटे ४ वाजून ४४ मिनिटांनी आपल्याला जाग आली आणि तेव्हाच आपण हे गीत रचले, असे जे-झीने सांगितले आहे. त्यामागचा दुसरा भाग प्रोड्युसरने सांगितला : ही बीट, म्हणजे शब्दांखाली वाजणारे ठेक्याचे संगीत, त्याने मुद्दामच अशी बांधली होती की तिच्यावर जे-झीला दुसरे काही बोलताच येऊ नये. बीटमध्ये सॅम्पल आहे हॅना विल्यम्स या ब्रिटिश सोल गायिकेच्या २०१६ च्या गाण्याचे, आणि त्या तुकड्यातली बाईच कळवळून कबूल करते आहे की आपण आपल्या माणसाला रोज निराश करतो आहोत. असा स्वर कानाशी पुन्हापुन्हा येत असताना त्यावर गाड्यांची आणि घड्याळांची बढाई कोण मारील?

मी हे गीत तबला पुढ्यात घेऊन ऐकले. रॅपमध्ये चार मात्रांचा एक गट, त्याला ते बार म्हणतात. असे चार बार धरले की आमच्या तीनतालाच्या सोळा मात्रा सरळ बसतात. पहिल्यांदा मी नुसती टाळी-खाली दिली. मग भाच्याला म्हटले, याचे विशीतले एखादे गाणे लाव. त्यात ओळ मात्रेवर ठेवून दिल्यासारखी पडते. यमक शेवटच्या मात्रेच्या आसपास खणकन वाजते आणि पुढची ओळ श्वास न घेता सुरू होते. मग पुन्हा ‘४:४४’ लावले. इथे वाक्य मात्रा ओलांडून पुढे सांडते. मधेच ओळ लवकर संपते आणि दोन-दोन मात्रा रिकाम्या राहतात, त्या रिकाम्या जागेत ती बाई गाते. काही ठिकाणी यमक आहे की नाही अशी शंका यावी इतके ते वाक्यात दडलेले आहे. वहिनींनी छापील शब्द गद्यासारखे मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा ते पत्रासारखे वाटले. पण मी ठेका धरला आणि त्यांना त्याच शब्दांवर बोलत राहायला सांगितले, तेव्हा त्या चौथ्याच ओळीला ठेक्याबाहेर गेल्या. जे सैल वाटते ते सैल नाही. घाईने म्हणणाऱ्याला तालात राहणे सोपे, सावकाश बोलून तालात राहणे कठीण.

नाना बराच वेळ डोळे मिटून होते. मग म्हणाले, “हा तालावर चढून बसलेला नाही, तालाच्या शेजारी बसून बोलतो आहे.” आमच्या अष्टांग गायकीत बोलआलाप नावाचे अंग आहे. त्यात शब्द पसरायचे, लयीला सैल सोडल्यासारखे करायचे आणि तरीही समेला चुकायचे नाही. नानांच्या मनात तेच होते. मला या तुलनेची मर्यादा माहीत आहे. ख्यालात शब्द स्वराची सेवा करतो, रॅपमध्ये स्वर जवळजवळ नसतो आणि सगळा भार शब्दावर. पण दमसास कमी झाल्यावर कलावंत कोणत्या अंगाकडे वळतो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. हस्सू खाँ भर तारुण्यात कडक बिजलीची तान घेताना बरगडीला इजा होऊन वारले, अशी आमच्याकडची दुसरी आख्यायिका. ती खरी असो वा नसो, गाणारे ती सांगत आले आहेत ते काही कारणानेच.

त्या संध्याकाळचा खरा वाद मात्र तालावर झाला नाही. वहिनी म्हणाल्या, “माफी घरात मागायची असते. बाजारात मागितली की तिची किंमत होते.” वाक्य तोलामोलाचे होते आणि थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. यावर माझे उत्तर मी इथे नोंदवतो. एप्रिल २०१६ मध्ये बियॉन्सेने आपला अल्बम काढला आणि त्यात दांपत्यातल्या विश्वासघाताचे दुःख साऱ्या जगासमोर मांडले. गोष्ट चव्हाट्यावर आधीच आली होती आणि ती बाईने आणली होती. त्यानंतर नवऱ्याने श्रीमंतीचीच गाणी म्हटली असती तर ते गप्प बसणेही एक प्रकारचे खोटे बोलणे झाले असते. त्यामुळे त्याचे धैर्य मान्य करतानाच हेही मान्य केले पाहिजे की पहिले पाऊल त्याचे नव्हते. गाण्याच्या शेवटी तो आपल्या मुलांना हे सगळे एक दिवस कळेल या लाजेपाशी येऊन थांबतो. आपली बायको काय म्हणेल यापेक्षा मुले काय म्हणतील, ही धास्ती विशीतल्या माणसाला सुचणारी नाही. वय हे या गाण्याचे केवळ निमित्त नसून साहित्य आहे, असे मला वाटले ते इथे. वहिनींना हे उत्तर पटले नाही.

तिसरी बैठक : पैसा, आई आणि मृत्युपत्र

अल्बममधले दुसरे गाणे, ‘द स्टोरी ऑफ ओ. जे.’, नीना सिमोनच्या १९६६ च्या गीतावर उभे आहे. कृष्णवर्णीय माणूस गरीब असो की श्रीमंत, घरात राबणारा असो की शेतात, अमेरिकेच्या नजरेत तो आधी काळाच असतो, हे त्याचे सूत्र. मग गाणे पैशाकडे वळते. ब्रुकलिनच्या डंबो भागातली इमारत वीस लाख डॉलरला मिळत असताना आपण घेतली नाही आणि आज ती अडीच कोटींची आहे, दहा लाखांना घेतलेले चित्र पुढे ऐंशी लाखांचे झाले, असे हिशेब तो मांडतो. तरुणपणीच्या उधळपट्टीचा त्याला पश्चात्ताप होतो आहे आणि समाजाने पैसा राखायला शिकावे असे त्याला मनापासून वाटते. हे सांगणे आमच्या बैठकीतल्या निवृत्त मंडळींना एकदम जवळचे वाटले, बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांना तर फारच. पण याच गाण्यात ज्यू समाज आणि मालमत्ता यांची सांगड घालणारी एक ओळ आहे. ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या अमेरिकेतल्या अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेने, जे-झीचा हेतू द्वेषाचा नसावा असे म्हणूनही, ही ओळ जुन्या पूर्वग्रहाला खतपाणी घालते असे नोंदवले. हा आक्षेप मला योग्य वाटतो. एखाद्या समाजाची स्तुती म्हणून सांगितलेली गोष्टही त्याला एकाच साच्यात कोंबते, आणि ज्या गाण्याचा सगळा रोख असल्याच साच्यांविरुद्ध आहे, त्यात तर ही चूक अधिकच डोळ्यात भरते. शिवाय ज्याच्याजवळ चुकवण्यासाठी वीस लाख डॉलरच नव्हते, त्या मार्सीतल्या शेजाऱ्याने या हिशेबाचे काय करावे, हे गाणे सांगत नाही.

‘स्माइल’ या गाण्यापाशी मात्र कोणी हिशेब मांडला नाही. आपली आई समलिंगी आहे, चार मुलांना वाढवताना तिला अनेक वर्षे ते लपवून जगावे लागले आणि उतारवयात तिला प्रेमाचे माणूस मिळाले याचा आपल्याला आनंद आहे, असे मुलगा सांगतो. हे सगळे स्टीव्ही वंडरच्या स्वरावर चालते. गाण्याच्या अखेरीस ठेका मागे पडतो आणि आई, ग्लोरिया कार्टर, स्वतःची कविता स्वतः वाचते. आवाज वयस्क आहे, शिकवलेला नाही, घरात कोणी काही वाचून दाखवावे तसा आहे. आईने प्रथम मन मोकळे केले तेव्हा आपण रडलो, असे जे-झीने २०१८ मध्ये एका मुलाखतीत सांगितले. हिप हॉपमध्ये समलिंगी माणसांची टवाळी किती काळ राजरोस चालत आली आहे हे भाच्याने आम्हाला सांगितले. त्या कलेच्या एका थोराने आपल्या आईला माइकसमोर बसवले, याचे वजन त्याशिवाय कळले नसते. बैठकीतल्या काहींना हा विषय अवघड होता. तरीही ती कविता दुसऱ्यांदा लावा असे प्रथम म्हणाल्या त्या वहिनीच.

शेवटचे गाणे ‘लेगसी’. त्याच्या सुरुवातीला त्याची लहान मुलगी विचारते की मृत्युपत्र म्हणजे काय, आणि डॉनी हॅथवेच्या स्वरावर बाप वाटणी सांगू लागतो : कोणाला काय मिळेल, कोणत्या कामासाठी काय राखून ठेवायचे. ज्या कलेत पुढारी चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी मरत होते, तिच्यात मृत्युपत्रावर गाणे होणे ही मला या सगळ्या अल्बममधली सर्वांत नवी गोष्ट वाटते. शीर्षकगीताइतकी तिची चर्चा होत नाही, ती व्हायला हवी.

व्यवहाराची बाजू

ही बाजू थोडक्यात नोंदवतो. अल्बम प्रथम फक्त इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या टायडल या सेवेवर ऐकता येत होता. ही सेवा चालवणारी कंपनी जे-झीने २०१५ मध्ये ५ कोटी ६० लाख डॉलरला घेतली होती आणि जानेवारी २०१७ मध्ये तिचा तेहतीस टक्के हिस्सा स्प्रिंट या दूरसंचार कंपनीने विकत घेतला होता. आठवडाभराने तो इतरत्रही उपलब्ध झाला. स्प्रिंटच्या सौद्यामुळे दहा लाख प्रतींचे प्लॅटिनम प्रमाणपत्र आठवड्याच्या आतच मिळाले. पुढे अमेरिकेतल्या खपाचा क्रम लावणाऱ्या बिलबोर्डच्या यादीत पहिल्या मोजलेल्या आठवड्यात २ लाख ६२ हजार प्रतींच्या बरोबरीची नोंद होऊन अल्बम पहिल्या क्रमांकावर आला. इतरांबरोबर केलेले अल्बमही धरले तर पहिल्या क्रमांकाचा हा त्याचा चौदावा अल्बम, आणि तेव्हा एवढी मजल दुसऱ्या कोणत्याही एकल कलावंताने मारलेली नव्हती. म्हणजे सॅमसंगच्या वेळचा कित्ता त्याने थोडा बदलून पुन्हा गिरवला. मनातले इतके खाजगी सांगणारा अल्बम फोनच्या करारात बांधून विकला गेला, याने वहिनींच्या आक्षेपाला बळच मिळते आणि मी ते नाकारत नाही.

जानेवारी २०१८ मध्ये ग्रॅमी ही अमेरिकेतली संगीताची पारितोषिके जाहीर झाली. त्या वर्षी सर्वाधिक, म्हणजे आठ, नामांकने जे-झीला होती आणि त्याला एकही पारितोषिक मिळाले नाही. सर्वोत्तम रॅप अल्बमचा मान तीस वर्षांच्या केन्ड्रिक लमारला गेला. त्याचे गाणे आम्ही ऐकलेले नसल्याने या निवाड्याबद्दल मी बोलत नाही. मात्र वाट पुढे बंद झाली नाही. जे-झीचाच समकालीन रॅपर नॅस याला पहिली ग्रॅमी २०२१ मध्ये मिळाली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, पहिला अल्बम काढून सत्तावीस वर्षे झाल्यावर.

तिसऱ्या बैठकीनंतर नानांनी नोंदवही पुढे ओढली. पहिल्या बैठकीच्या नोंदीत त्यांनी रागाच्या रकान्यात आडवी रेघ मारली होती, तालाच्या रकान्यात ‘चार मात्रांचा ठेका’ लिहिले होते आणि गायकाच्या रकान्यात भाच्याने सांगितल्याप्रमाणे ‘जे-झी’. अल्बमचे पहिलेच गाणे ‘किल जे झी’ या नावाचे आहे. त्यात हा माणूस आपल्या टोपणनावाला समोर उभे करून त्याचा ताठा, त्याच्या हातून घडलेली हिंसा, त्याने बुडवलेली नाती यांचा जाब विचारतो आणि त्याला संपवतो, हे वहिनींनी उलगडून सांगितलेले त्यांच्या लक्षात होते. त्यांनी भाच्याला खऱ्या नावाचे उच्चार दोनदा विचारून घेतले, पहिल्या नोंदीतले नाव एका रेघेने खोडले आणि तिसऱ्या नोंदीत गायकाच्या रकान्यात सावकाश, सुट्या अक्षरांत ‘शॉन कार्टर’ असे लिहिले. त्याखाली दुसऱ्या ओळीत ‘ग्लोरिया कार्टर (काव्यवाचन)’. शेऱ्याचा रकाना त्यांनी मोकळा ठेवला आणि वही वहिनींकडे सरकवली.